समोरचा रिसीव्हर आपल्यापेक्षा भारी असेल तेव्हा कॉर्नरने खेळायचं कसं

ताईचा मुलगा इथे अमेरिकेत हायस्कूलला अमेरिकन फुटबॉल खेळतो, कॉर्नरबॅक आहे, म्हणजे पास पकडायला पळणाऱ्या समोरच्या रिसीव्हरला अडवणारा, दहाव्या ग्रेडला. गेल्या सीझनला त्याच्या पुढचा सीनियर पोरगा घोटा मुरगळून बाहेर बसला आणि याला एकदम व्हर्सिटीत, म्हणजे शाळेच्या मुख्य टीममध्ये, उभं केलं, आणि पहिलीच मॅच अशा टीमशी की त्यांचा रिसीव्हर सहा फूट तीन इंच, पळायला वारं, आणि कॉलेजवाले आत्तापासून त्याच्या मागे लागलेले. आमचं पोरगं पाच फूट नऊ. रविवारी रात्री फोन, "मामा, याला थांबवायचा कसा?" मी म्हटलं थांबवायच्या नादाला लागू नकोस, तुझ्याच्याने तो थांबणार नाही, आपण दुसरं काहीतरी बघू. पलीकडून आवाजच बंद. दहा मिनिटांनी ताईचा फोन, अरे काय बोललास त्याला, ताटावरून उठलाय तो.

मग त्या आठवड्यात रोज रात्री तासभर आम्ही बोललो. मी काही मोठा कोच नाही, शनिवारी पोरांच्या फ्लॅग (टॅकल न करता खेळायच्या) टीमला शिकवतो आणि बरीच वर्षं डोळे फोडून एनएफएल, म्हणजे इथली प्रोफेशनल लीग, बघतोय एवढंच. पण ते बोलणं कुणाच्या तरी पोराला कामाला येईल म्हणून इथे टाकतोय, आणि जे नुसतं रविवारी मॅच बघतात त्यांनाही बॉल सोडून कॉर्नरकडे कसं बघायचं ते कळेल. यापुढे सगळं "तू" करून लिहितोय कारण ते सगळं त्यालाच सांगितलेलं आहे.

आधी हे डोक्यात बसव की ही लढत बरोबरीची नाहीच. रिसीव्हरला माहिती असतं तो कुठे जाणार, स्नॅप, म्हणजे बॉल मागे देऊन प्ले सुरू करणं, कधी होणार तेही माहिती असतं, आणि तो सरळ पुढे पळतो. तुला यातलं काहीच माहिती नाही आणि तू उलटा पळतोयस. वर नियम पण त्याच्याच बाजूचे, एनएफएलने 1978 ला नियम केला की स्क्रिमेजच्या रेघेपासून (जिथून प्ले सुरू होतो ती) पाच यार्डांच्या पुढे रिसीव्हरला धक्का मारायचा नाही, तेव्हापासून कॉर्नरचे हात बांधल्यासारखेच आहेत. कबड्डीतल्या कॉर्नरला निदान साखळी धरायला शेजारी माणूस असतो, इथला कॉर्नर बाजूच्या रेषेपाशी एकटा उभा. कॅल्विन जॉन्सन या रिसीव्हरने 2012 ला एका सीझनमध्ये 1964 यार्ड काढले, तेव्हा काय समोरच्या टीमला माहिती नव्हतं का बॉल कुणाकडे येणार? सगळ्या स्टेडियमला माहिती होतं. डॅरेल रेव्हिस या कॉर्नरने 2009 ला रँडी मॉस आणि आंद्रे जॉन्सनसारख्या रिसीव्हरांना बांधून ठेवलं हे खरंय, पण त्याच्या बाजूला "रेव्हिस आयलंड" असं नाव पडलं ते कशामुळे, तर तसं दुसरं कुणाला जमत नव्हतं म्हणून.

तर तुझं काम काय, तर तो कुठे जिंकणार हे तू ठरवायचं. तिसरा डाऊन आहे (दहा यार्डांसाठी चार डाऊन, म्हणजे चार प्रयत्न, मिळतात), आठ यार्ड पाहिजेत, त्याने तुझ्यासमोर पाच यार्डांवर बॉल पकडला आणि तू तिथेच त्याला पाडलंस, तर स्टॅट्समध्ये त्याचा कॅच लागेल पण पंट त्यांना मारावा लागेल, म्हणजे लाथेने बॉल आपल्याकडे द्यावा लागेल. हा सौदा रात्रभर केला तरी चालेल. जे विकायचं नाही ते म्हणजे डोक्यावरून गेलेला बॉल. हिच (थोडं पळून वळून थांबणं) देऊन टाक, कमबॅक (लांब पळून परत मागे येणं) देऊन टाक, पोस्ट (लांब पळून तिरकं आत) आणि गो (सरळ लांब) द्यायचा नाही. भाच्याला मी हे वहीत लिहायला लावलं, दोन रकाने, "देणार" आणि "नाही देणार", आणि त्या रात्री तो जेवला.

आता फिल्म. हायस्कूलच्या टीमा सगळं हडल (Hudl) नावाच्या व्हिडिओ साइटवर टाकतात, त्यामुळे बघायला मिळतं, प्रश्न असा की पोरं हायलाईट बघतात. त्याचे टचडाऊन (बॉल टोकाच्या पट्ट्यात नेऊन मिळवलेले पॉइंट) बघून काय मिळणार, भीती मिळणार. त्याच्याकडे बॉल गेला नाही ते प्ले बघ. त्याला कुणीतरी अडवलं ते प्ले तीन तीनदा बघ. प्रत्येक प्लेला चार गोष्टी लिहायच्या, डाऊन आणि किती यार्ड हवेत, तो कुठे उभा, रेघ सोडताना आत गेला की बाहेर, आणि शेवटी कोणता रूट, म्हणजे कोणत्या ठरलेल्या वाटेने पळाला. रूट ट्री माहिती असेलच, एक ते नऊ आकडे, साधारणपणे विषम आकडा बाहेर रेषेकडे वळतो, सम आकडा आत मधे, आणि नऊ म्हणजे नाकासमोर सरळ. पण कागदावर नऊ असले तरी हायस्कूलचा पोरगा सगळे पळत नाही. भाच्याने तीन मॅचेस मोजल्या तर त्या राक्षसाचे जवळजवळ सगळे रूट चारच निघाले, हिच, स्लँट (लगेच तिरकं आत), फेड (रेषेकडे सरकत सरळ लांब) आणि पोस्ट. चार गोष्टींची तयारी करता येते. आउटसाठी (बाहेर रेषेकडे वळणं) उगाच जीव काढायचा नाही.

तो कुठे उभा आहे हे वाचायला शिकलास तर निम्मं काम स्नॅपच्या आधीच होतं. मैदानावर लिहिलेल्या यार्डांच्या नंबरांच्या बाहेर, रेषेला चिकटून उभा असेल तर बाहेर वळायला त्याला जागाच कुठे आहे, मग स्लँट, पोस्ट नाहीतर सरळ गो. आत सरकून टॅकलच्या (लाईनीच्या टोकाला उभा राहणारा खेळाडू) जवळ उभा राहिला की उलटं, बाहेर पळायला मोकळं मैदान ठेवलंय किंवा मधून आडवा जायचा विचार आहे. आणि हायस्कूलमध्ये हॅशच्या खुणा (छोट्या रेघांच्या दोन ओळी, बॉल त्यांच्यामधेच ठेवतात) मैदानाचे तीन सारखे भाग करतात, मैदान 160 फूट रुंद, म्हणजे बॉल एका हॅशवर असेल तर जवळच्या बाजूला जेमतेम 18 यार्ड आणि लांबच्या बाजूला 35 च्या वर. एनएफएलमध्ये दोन हॅशमध्ये फक्त साडेअठरा फूट अंतर असतं त्यामुळे टीव्हीवर हा फरक दिसतच नाही, आणि टीव्ही बघून शिकलेल्या पोरांना तो कळत नाही. लांबच्या बाजूला तू असशील तर तुझं काम दुप्पट आहे एवढं समजून उभा राहा.

फिल्ममध्ये अजून एक मिळालं, याचं श्रेय पूर्ण भाच्याचं. बुधवारी रात्री फोन, आवाज एकदम बारीक, जणू कुणी ऐकतंय, "मामा, तो ग्लोव्हचं वेल्क्रो ओढतो." म्हणजे काय, तर रन प्ले असला की तो पोरगा हात खाली सोडून, मागची टाच टेकवून आरामात उभा, आणि पास असला की उभं राहता राहता डाव्या ग्लोव्हचा पट्टा सोडून परत घट्ट चिकटवणार. आम्ही दोघांनी मोजलं, नीट दिसले असे 14 पास प्ले, त्यातल्या 11 ला त्याने पट्टा ओढला होता. मी तर खुर्चीतून उठलोच. असं प्रत्येकाचं काही ना काही असतं, कुणी रन असला की सेफ्टीकडे (मागे खोल उभा राहणारा डिफेंडर) बघतं कारण त्याला ब्लॉक करायचंय, कुणी पास असला की पुढच्या पायावर जास्त वजन टाकतं. शोधायला वेळ लागतो आणि बहुतेकदा काहीच मिळत नाही, तरी शोध.

कोचला विचारायचा प्रश्न एकच, माझी मदत कुठे आहे. लाजू नकोस, प्रत्येक कव्हरेजला (पास अडवायची रचना) विचार. मधे खोल सेफ्टी उभा असेल तर तू बाहेरच्या खांद्यावर उभा राहून त्याला आत, सेफ्टीकडे ढकलू शकतोस. मधे कुणीच नसेल, सगळे ब्लिट्झला, म्हणजे बॉल फेकणाऱ्यावर धावून, गेले, तर आतल्या बाजूला उभा राहा, बाहेर जायला लाव, कारण बाहेर रेषा आहे आणि रेषेला कुणी हूल देऊ शकत नाही. मात्र हायस्कूल-कॉलेजला एक पाय आत पडला तरी कॅच धरतात, एनएफएलसारखे दोन पाय लागत नाहीत, त्यामुळे रेषेवर फार विसंबू पण नकोस. आणि तुमच्या कोचने वेगळं सांगितलं तर कोचचं ऐकायचं, मामाचं नाही, कारण सेफ्टीला त्याने काय सांगितलंय ते मला माहिती नाही आणि तुम्ही दोघे एकाच बाजूला धावलात तर दुसरी बाजू उघडी.

आता खरा झगडा, पहिले दोन सेकंद. प्रेसला उभा राहायचं ठरलं, म्हणजे त्याच्या तोंडासमोर हातभर अंतरावर, तर नवखा कॉर्नर पहिली चूक अशी करतो की स्नॅप होताच दोन्ही हात घेऊन अंगावर जातो. चांगला रिसीव्हर याचीच वाट बघत असतो. तो हात खाली झटकतो, खांदा वाकवतो आणि तू हवेला मिठी मारून उभा, तोपर्यंत तो तीन यार्ड पुढे. आधी पाय, मग हात. स्नॅपला अर्धं पाऊल मागे-बाजूला, बारीक पावलं, आणि डोळे त्याच्या कमरेवर, जिथे बेल्टचं बक्कल असतं तिथे. डोकं हलवेल, खांदे हलवेल, हात फेकेल, पण कमरेला घेतल्याशिवाय कुठे जाणार तो? कंबर एका बाजूला निघाली की त्या बाजूचा पाय उघडायचा आणि उलट्या हाताने त्याच्या छातीवर दाब द्यायचा. तो तुझ्या उजवीकडे निघाला तर उजवा पाय उघड, डावा हात मार. त्याच बाजूचा हात घातलास तर कंबर अडकते आणि तू आडवा होतोस, हे उभं राहून करून बघ, लगेच कळेल. एकच हात. दोन हात म्हणजे जुगार.

याची प्रॅक्टिस घरी होते. दोन यार्ड रुंद पट्टा आखायचा, हात पाठीमागे बांधायचे आणि समोरच्याला नुसत्या पायांनी आरशासारखं अडवायचं. भाच्याची बहीण अकरा वर्षांची आहे, तिला ताईने ड्राईव्हवेवर रिसीव्हर म्हणून उभं केलं आणि पोरीने दादाला सलग सहा वेळा फसवलं, नुसता खांदा हलवून. व्हिडिओ कॉलवर मी बघतोय, हा दर वेळी तिच्या चेहऱ्याकडे बघतोय कारण ती जीभ काढून वेडावत होती. मी ओरडतोय बक्कल बघ बक्कल, तिला बेल्टच नव्हता, मग ताईने तिच्या कमरेला ओढणी बांधली, लाल, आणि मग जमायला लागलं. गुरुवारपर्यंत ती कंटाळली आणि पैसे मागायला लागली, पण याचे पाय शांत झाले होते.

हात लावण्याच्या नियमात लेव्हलप्रमाणे फरक आहे हे लक्षात ठेव. एनएफएलमध्ये ती पाच यार्डांची मर्यादा आणि पुढे हात लावला तर पाच यार्डांची पेनल्टी आणि आपोआप फर्स्ट डाऊन, म्हणजे त्यांना नव्याने चार प्रयत्न. हायस्कूल आणि कॉलेजला पाच यार्डांची रेघ नाही, तो तुझ्यासमोर आहे तोवर ब्लॉक करू शकतो असं धरून तुला हात लावता येतो, पण तो तुझ्या बरोबरीला आला किंवा ओलांडून गेला की हात काढायचा, आणि बॉल हवेत गेल्यावर तर नाहीच नाही.

ऑफ उभा राहिलास, सहा-सात यार्ड मागे, तर खेळ वेगळा. बॅकपेडलला (उलटं पळताना) छाती पायाच्या बोटांवर, उभा होऊ नकोस, उभा झालास की वळायला एक पाऊल जास्त लागतं आणि ते पाऊल म्हणजेच टचडाऊन. सुरुवातीला नजर रिसीव्हरच्या पलीकडे, क्यूबीवर, म्हणजे बॉल फेकणाऱ्या क्वार्टरबॅकवर. त्याने तीन पावलं टाकून बॉल उचलला की हिच, स्लँट असलं काहीतरी झटपट येतंय, खाली तुटून पड. शॉटगनमधून, म्हणजे आधीच मागे उभा राहून स्नॅप घेत, असेल, आणि आजकाल बहुतेक गनमधूनच असतं, तर पावलं मोजण्यात अर्थ नाही, बॉल हातात येताच त्याचा पुढचा खांदा तुझ्याकडे वळला का तेवढं बघ. नाही वळला तर क्यूबीला सोडून दे, आता नजर रिसीव्हरच्या कमरेला चिकटव आणि प्ले संपेपर्यंत काढू नकोस. जास्तीत जास्त पोरं इथे मार खातात, क्यूबीकडे बघत राहतात, छान दिसतो ना तो, आणि मागून रिसीव्हर निघून जातो. तुमच्या दोघांमधलं अंतर तीन यार्डांवर आलं की कंबर फिरवून पळायला लाग, अजून जवळ येऊ द्यायचं नाही.

आणि दर वेळी तेच करू नकोस. दोन वेळा प्रेस, मग प्रेससारखा उभा राहून स्नॅपला मागे पळ, मग ऑफ. तू जसा त्याची फिल्म बघतोस तसा तो मॅचमध्ये तुला बघतोय, आणि मोठे रिसीव्हर भारी असतात ते नुसत्या पायांमुळे नाही, त्यांची आठवण भयंकर असते. पहिल्या क्वार्टरला तू कोणत्या हाताने धक्का मारलास ते त्याला चौथ्या क्वार्टरला आठवत असतं.

यातूनच हूल येते. डबल मूव्ह. स्लँट दाखवून गो, हिच दाखवून गो, आउट दाखवून वर. चांगला रिसीव्हर आधी तुला दोन हिच स्वस्तात देतो, त्यातल्या एकावर तू मस्त तुटून पडतोस, बाकावरचे टाळ्या वाजवतात, तुला वाटतं जमलं आपल्याला, आणि तिसऱ्या क्वार्टरला तीच हिच, तोच वेग, तू पुढे आणि तो मागे. पण वेगात पळणाऱ्या माणसाला खरंच थांबायचं असेल तर कंबर खाली घ्यावी लागते आणि दोन-तीन बारीक पावलं टाकावी लागतात, जसं भरधाव गाडीला ब्रेक मारला की नाक खाली जातं. हूल देताना तो डोकं वळवतो, हात दाखवतो, खांदा टाकतो, पण कंबर उंचच राहते कारण त्याला परत पळायचंय. कंबर खाली गेली नाही तर हलायचं नाही. दुसरी गोष्ट, डाऊन बघ. सेकंड अँड वन (दुसरा डाऊन, एकच यार्ड हवं) म्हणजे त्यांच्यासाठी फुकटचा डाऊन, बॉल लांब फेकला, नाही लागला तरी तिसऱ्याला एक यार्ड रन मारून घेतील. कोच लोक हूल तिथेच काढतात. सेकंड अँड शॉर्ट दिसला की हिच खुशाल दे आणि मागे राहा.

बॉल हवेत असताना काय करायचं, यावर सगळ्यात जास्त चुका आणि सगळ्यात जास्त फ्लॅग, म्हणजे पेनल्टी. कोच ओरडतात "मागे बघ, मागे बघ", पण कधी बघायचं ते सांगत नाहीत. तू त्याच्या कमरेला कंबर लावून पळतोयस, हात लांबवला तर लागेल एवढा जवळ, तर आणि तरच मान वळव, अंग त्याच्याकडे रेल, आणि बॉल तुझा पण आहे असं समजून उडी मार. एक पाऊल मागे असशील तर मागे बघायचंच नाही, मान वळवली की वेग कमी होतो आणि एक पावलाची तीन पावलं होतात. तेव्हा त्याचे डोळे आणि हात बघ. डोळे मोठे होतात, हात वर येतात, त्या क्षणी तुझा हात त्याच्या दोन हातांच्या मधे घाल आणि खाली ओढ. तरबेज रिसीव्हर हात शेवटच्या क्षणी काढतात, मुद्दाम, तुला कळू नये म्हणून, त्यामुळे आधी उडी मारू नकोस. आणि बॉल त्याच्या हातात गेला तरी जमिनीवर पडेपर्यंत ओढत राहा, त्या अर्ध्या सेकंदात कितीतरी कॅच सुटतात.

पास इंटरफिअरन्स, म्हणजे बॉल हवेत असताना रिसीव्हरला नियमाबाहेर अडवणं, एनएफएलमध्ये जिथे केला तिथे बॉल, म्हणजे चाळीस यार्डांवर केला तर चाळीस यार्ड गेले, एंड झोनमध्ये (टोकाच्या पट्ट्यात) केला तर एक यार्डाच्या रेघेवर. कॉलेजला जास्तीत जास्त 15, हायस्कूलला 15. त्यामुळे हायस्कूलला बरेच कोच उघड सांगतात की पूर्ण सुटलाच असेल, टचडाऊन नक्कीच असेल, तर धर त्याला आणि 15 यार्ड दे. मला स्वतःला हे नव्या पोराला शिकवायला आवडत नाही, कारण एकदा ही सवय लागली की तो घाबरल्यावर पण धरतो, सुटल्यावर नाही. पण हिशोब म्हणून बरोबर आहे.

बंच आणि स्टॅक, म्हणजे दोन-तीन रिसीव्हर घोळक्याने किंवा एकामागे एक उभे, तर समजायचं तुला कुणाच्या तरी अंगावर आपटवणार आहेत. शेजारच्या डिफेंडरशी स्नॅपच्या आधी बोल, जो बाहेर येईल तो माझा, आत जाईल तो तुझा, एवढंच. न बोलता उभे राहिलात तर दोघे एकाच्याच मागे जाणार.

गोललाईनजवळ उलट तुझी बाजू थोडी भक्कम होते, कारण मागे जायला त्याला जागा नाही, मागची रेषा तुझा सेफ्टी. आत उभा राहा, स्लँट बंद कर. कोपऱ्यात वरून फेकलेला फेड देऊन टाक, तो टाकायला अवघड असतो. सहा फूट तीन इंचवाल्याला मात्र तोही सोपा, म्हणून अशा वेळी त्याला सरळ वर जाऊ न देता पहिल्या दोन पावलांत अंगाला अंग लावायचं.

एक उपाय असा की जो मला फार आवडतो आणि कुणी करत नाही. प्रॅक्टिसला दहा मिनिटं स्वतः रिसीव्हर हो. रिचर्ड शर्मन स्टॅनफर्डला आधी रिसीव्हर होता, मग कॉर्नर झाला, 2011 ला एनएफएलच्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंची निवड) पाचव्या राऊंडला घेतला त्याला, आणि पुढे लीगमधल्या सगळ्यात मोठ्या कॉर्नरमध्ये गणला गेला. त्याला समोरच्याच्या डोक्यात काय चाललंय ते कळायचं कारण तो त्या बाजूला राहून आलेला. भाच्याने कोचला विचारून गुरुवारी स्काऊट टीममध्ये (प्रॅक्टिसला समोरच्या टीमची नक्कल करणारी) त्या राक्षसाचे चारही रूट पळून बघितले. आल्यावर म्हणतो, "मामा, फेडला बाहेरून हात लागला ना की खूप त्रास होतो." बस, हे मी सांगून त्याला कळलं नसतं.

आणि आता ज्याच्यासाठी सगळ्यात जास्त लिहायचंय ते, मार खाल्ल्यानंतरचं. मार खाणार तू, एकदा तरी. 1 फेब्रुवारी 2015 चा सुपर बोल (एनएफएलची फायनल), पॅट्रियट्स विरुद्ध सीहॉक्स, ही मॅच शोधून शेवटची दोन मिनिटं बघ. पॅट्रियट्सचा माल्कम बटलर, रुकी, म्हणजे पहिल्याच वर्षाचा, कॉर्नर, ड्राफ्टमध्ये कुणी घेतलाच नव्हता त्याला, वेस्ट अलाबामासारख्या छोट्या कॉलेजचा. पॅट्रियट्स 28-24 ने पुढे. सीहॉक्सचा रिसीव्हर जर्मेन कर्सकडे लांब बॉल येतो, बटलर अगदी बरोबर खेळतो, उडी मारतो, बॉलला हात लावतो, आणि तो बॉल कर्सच्या अंगाला, पायाला आपटत आपटत पाठीवर पडलेल्या कर्सच्याच हातात जातो. 33 यार्ड. यात बटलरची काय चूक? काही नाही. पण त्यानंतर तो काय करतो ते बघ, कर्स उठून पळायला लागतो आणि बटलरच त्याला पाच यार्डांच्या रेघेपाशी बाहेर ढकलतो. डोकं धरून बसला असता तर टचडाऊन तिथेच होता. एक रन होतो, बॉल एक यार्डावर येतो, 26 सेकंद उरलेत. सीहॉक्स दोन रिसीव्हर एकामागे एक उभे करतात, आणि हाच प्ले त्याच आठवड्यात प्रॅक्टिसला बटलरवर टाकला होता आणि तेव्हा त्याने मार खाल्ला होता. या वेळी तो स्लँटवर आधी पोचतो. इंटरसेप्शन, बॉल बटलरच्या हातात. आणि सगळे बटलर बटलर करतात पण पुढे उभा पॅट्रियट्सचाच ब्रँडन ब्राऊनर बघ, त्याने कर्सला रेघेवरच असा दाबून धरला की बटलरच्या वाटेत कुणी आलंच नाही. प्रेस म्हणजे काय ते बघायचं असेल तर त्याला बघ.

म्हणून मार खाल्ल्यावर हडलमध्ये (पुढच्या प्लेआधी टीम जमते तो घोळका) परत येईपर्यंत फक्त एक प्रश्न, का झालं? हात आधी गेला, क्यूबीकडे बघत राहिलो, की तो भारी खेळला? पहिली दोन असतील तर दुरुस्त कर, तिसरं असेल तर सोडून दे. यापेक्षा जास्त विचार शनिवारी सकाळी. आणि तो बोलेल, असे रिसीव्हर बोलतातच, तुझ्या आईपासून तुझ्या बुटांपर्यंत. उत्तर द्यायचं नाही. बोलताना दम जातो आणि तुझ्याकडे तो आधीच कमी आहे.

टॅकलिंगचं थोडक्यात, स्लँट दिलास तर तिथेच पाड, वर छातीला जाऊ नकोस, जवळच्या मांडीला दोन्ही हात घालून लटक, बाकीचे येतील.

मॅचचं सांगतो. दुसऱ्याच प्लेला त्याने भाच्यावर 22 यार्डांचा पोस्ट काढला, याने क्यूबीकडे बघितलं होतं, मला स्टँडमधून दिसलं आणि ताईने माझा दंड धरला. त्यानंतर मात्र हिच, हिच, एक स्लँट, सगळं समोर. सेकंड अँड टूला त्याने हिच दाखवून गो मारला आणि आमचं पोरगं हललंच नाही, मागेच होतं, बॉल बाहेर पडला, तेव्हा मी इतका ओरडलो की पुढच्या रांगेतल्या बाईंनी वळून बघितलं. एक फेड बाहेरच्या हाताने दाबून रेषेबाहेर घालवला. शेवटी त्याचे सात कॅच, 74 यार्ड, टचडाऊन नाही. मॅच आम्ही सहा पॉइंटनी हरलो, ते त्यांच्या रनिंग बॅकमुळे.

शनिवारी सकाळी सातला फोन. मला वाटलं पोस्टबद्दल बोलेल. म्हणतो, "मामा, हाफ टाईमनंतर त्याने वेल्क्रो रनला पण ओढलं. दोनदा. आणि दुसऱ्यांदा ओढून माझ्याकडे बघून हसला."